बी पेरा, आकडा मोजा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, पण आठ बिया मोजायला दिल्या की कधी सात भरतात, कधी नऊ. बाल्कनीतल्या कुंड्यांचा काही उपयोग होईल का?

उत्तर : होईल. आकडे म्हणता येणं म्हणजे मोजता येणं नव्हे. तोंड पुढे धावतं, बोट मागे राहतं; एका बीवर दोन आकडे पडतात किंवा एखादी बी सुटते. पेरताना हात आपोआप सावकाश चालतो आणि पेरलेली बी ढिगातून बाजूला होते.

तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा स्वच्छ ट्रे घ्या. त्यात पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळींचे तीन तुकडे कापा, म्हणजे प्रत्येक तुकडा दहाचा. तळाला पेन्सिलीने भोक पाडून माती भरा. बी रात्रभर भिजवलेल्या राजम्याची किंवा वालाची. मेथी-मोहरी नको, लहानग्यांच्या चिमटीत ती एकेक येत नाही. दुकानातलं रंगवलेलं बियाणं तर मुळीच नको, त्याला औषध चोळलेलं असतं. बोटाच्या पहिल्या पेराइतकं खोल, एका खळग्यात एकच बी. (जाणते लोक दोन टाकतात, इथे मोजणीचा घोळ होईल.)

पेरून झाल्यावर विचारा, ‘किती पेरल्या?’ ती पुन्हा एकपासून सुरू झाली, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे तिला अजून उमगलेलं नाही. टोकू नका, पुढच्या वेळी तेच विचारा.

साधारण आठवड्याभरात कोंब येतात. समजा सात उगवले. रिकाम्या खळग्यांत खडा ठेवायला सांगा : सात आणि तीन, दहा. पुढे एक भरलेली ओळ आणि वर दोन दिसले की न मोजताच ‘सात’ येऊ लागतं. हीच खरी कमाई.

पाणी चमच्याने, माती ओलसर राहील इतकंच. जास्त झालं की पुठ्ठा लिबलिबीत होतो, बी कुजते. शिवाय मुलं माती उकरून बघणारच! दोन-तीन बिया ओल्या कापसावर काचेच्या पेल्यात ठेवा, म्हणजे उकराउकरी थांबते.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा पट्टीने रोप मोजतो. काल बारा सेंमी, आज अकरा. असं का?

उत्तर : पट्टीवर शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. ते टोक मातीवर टेकवलं की उंची तेवढी कमी भरते, मातीत खुपसलं तर उलट जास्त. पाण्याने माती खचली तरी जास्त. आइस्क्रीमची काडी कुंडीत घट्ट रोवा, तिच्यावर रेघ मारा आणि दर वेळी त्या रेघेपासून मोजा.

या वयात पट्टीपेक्षा कागद बरा. दर तीन दिवसांनी रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून तारीख घालायची आणि सगळ्या पट्ट्या तळ एका रेषेत ठेवून शेजारी-शेजारी चिकटवायच्या. ‘सगळ्यात जास्त कधी वाढलं?’ याचं उत्तर तो बघून देईल. वेल वाकडी गेली, तर दोरा खोडालगत धरून कापा आणि सरळ करून चिकटवा.