ब्लेडची जखम तीन आठवडे राहत नाही

ताई, मी तासगाव तालुक्यातला, वय ३१, घरची द्राक्षबाग आहे. हंगामात माल घेऊन वाशीला जावं लागतं. फेब्रुवारीत तिथे एकदा पाय घसरला. कंडोम वापरला होता. मार्चमध्ये लिंगाच्या मुळाशी एक फोड आला होता, ब्लेड लागलं असेल, दुखतही नव्हता, तीनेक आठवड्यांत आपोआप गेला. आता जून लागलाय. पंधरा दिवसांपासून पुढच्या कातडीखाली लाल होऊन खाज सुटते. मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की थांबतं, बंद केली की पुन्हा सुरू. डोक्यातून एड्सचा विचार जात नाही, झोप उडाली आहे. इथल्या दवाखान्यात गेलो तर चार ओळखीचे भेटतात. म्हणून विचारतो, घरच्या घरी स्वतःची तपासणी कशी करायची, म्हणजे डॉक्टरकडे जायची वेळ येणार नाही? बायको मे महिन्यात पलूसला माहेरी गेली आहे, पाचवा महिना चालू आहे. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तिला यातलं काही कळायला नको.
— एक वाचक

खाजेचं नंतर बघू, ती जाईल. मला मार्चमधला तो फोड हवा आहे, जो तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलात.

ब्लेडचा चिरा झोंबतो, खपली धरतो आणि चार-पाच दिवसांत भरून येतो. तुमचा तीन आठवडे राहिला आणि दुखला नाही. संबंधानंतर १० ते ९० दिवसांत, बहुतेकदा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, एकच गोल व्रण उठतो. चिमटीत धरला तर कातडीत शिवलेल्या बटणासारखा टणक लागतो आणि दुखत नाही. असा व्रण बघितला की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं. औषध न घेताही तो ३ ते ६ आठवड्यांत भरून येतो. माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण तोवर जंतू रक्तातून अंगभर गेलेले असतात. कंडोम होता हे चांगलंच केलंत, पण तो मुळाची, केसांकडची कातडी झाकत नाही. तुमचा फोड नेमका तिथेच होता.

पक्कं निदान रक्त तपासल्यावर होईल. पण तोवर ‘नसेल’ असं धरून चालायची मोकळीक तुम्हाला नाही, कारण घरात पाचवा महिना आहे. आणि बायकोच्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. गरोदरपणाच्या पहिल्या तपासण्यांत सिफिलिसची तपासणी असते खरी, पण हिशेब लावा: तिचं रक्त घेतलं ते मार्चच्या आसपास. तुमचा फोड मार्चमधला, आणि ती माहेरी गेली मे महिन्यात. मधल्या दोन महिन्यांत काय झालं ते त्या कागदाला ठाऊक नाही. आईला सिफिलिस झाला तर तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भपात होतो, पोटातच मूल दगावतं, जन्मलं तर हाडं, यकृत, डोळे, कान यांवर घाला येतो. वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर यातलं बहुतेक सगळं टळतं. म्हणून मला तुमच्या खाजेची घाई नाही, या गोष्टीची आहे.

आता तपासणी. ती जरूर शिका. तिचा खरा उपयोग एकच: डॉक्टरकडे तीन महिने आधी पोचणं. मार्चमध्ये तुम्हाला ती येत असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

महिन्यातून एकदा पुरे. जोखमीचा संबंध आला असेल तर पुढचे तीन महिने दर आठवड्याला. पहिला भाग सकाळी उठल्या उठल्या, लघवीला जायच्या आधी. शिश्नाच्या खालच्या बाजूने मुळापासून टोकाकडे बोट हलकं दाबत आणा. थेंब आला तर त्याचा रंग बघा. पिवळा-हिरवट, घट्ट आणि सोबत जळजळ असेल तर बहुधा परमा, तो २ ते ७ दिवसांत डोकं वर काढतो. पाण्यासारखा, किंचित चिकट, जेमतेम चड्डीला डाग पडेल एवढाच असेल तर क्लॅमिडिया हा दुसरा गुप्तरोग असू शकतो, त्याला एक ते तीन आठवडे लागतात. लघवी करून आल्यावर बघाल तर सगळं धुऊन गेलेलं असतं. आणि धास्तीने दिवसातून दहा वेळा पिळत बसू नका, त्या पिळण्यानेच आतून दाह होऊन स्राव येऊ लागतो.

दुसरा भाग अंघोळीनंतर, खिडकीच्या उजेडात, छोटा आरसा घेऊन. आदल्या दिवशी तिथे ब्लेड फिरवू नका, नाहीतर चिरा कुठला आणि व्रण कुठला हा तुमचा घोळ पुन्हा होईल. कातडी पूर्ण मागे घ्या. बोंड, त्याच्या मागची खोबण, खाली कातडी जोडलेली असते ती जागा, कातडीची आतली बाजू बघा. बघून झालं की कातडी आठवणीने पुढे ओढा. मागेच राहिली तर सूज येऊन अडकते आणि कॅज्युअल्टी गाठावी लागते. मग केस बाजूला सारून मूळ, अंडकोष उचलून त्यामागची बाजू. जांघेत बोटं सपाट ठेवून दाबा. न दुखणाऱ्या, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी दोन्हीकडे लागल्या तर ते गरमीच्या बाजूचं लक्षण. आरसा जमिनीवर ठेवून उकिडवे बसा आणि गुदद्वाराभोवती बघा. ओठ आणि जीभही सोडू नका.

आणि तळहात-तळपाय. हे तर आज रात्रीच बघा. गरमीच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे व्रणानंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत, तिथे तांबूस-तपकिरी डाग उठतात आणि ते सहसा खाजत नाहीत. बागायतदार असले डाग फवारणीच्या औषधावर ढकलून मोकळे होतात. सोबत बारीक ताप, घसा धरणं, डोक्याचे केस ठिकठिकाणी विरळ होणं असलं तर डॉक्टरांना न विसरता सांगा. डाग नसतील म्हणून जाणं रद्द करू नका, पुष्कळांना हा टप्पा जाणवतही नाही.

कशाला घाबरू नये तेही सांगते, कारण अशा भलत्याच गोष्टींनी पुरुष महिनोन्‌महिने झुरतात. बोंडाच्या कडेने एका ओळीत, एकसारखे बारीक पांढुरके दाणे असतील तर ते नैसर्गिक ठेवणीतले. कातडीखालचे पिवळसर ठिपके तेलग्रंथींचे. काही गोष्टी गरमी नसतात, पण डॉक्टरांना दाखवायच्या असतात: घोळक्याने येणारे बारीक पाणीदार फोड, आग होणारे आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारे, हे नागिणीच्या कुळातल्या हर्पिसचे. खरबरीत, हळूहळू वाढणारा मस चामखिळीच्या विषाणूचा. कधी अंगदुखीची किंवा जुलाबाची गोळी घेतल्यावर दरवेळी त्याच ठिकाणी लाल-काळा चट्टा उठतो. ती औषधाची रिअॅक्शन असते. पण यातलं काय आहे हे ठरवायचं काम आरशाचं नाही. तुम्हाला फक्त ‘हे आधी नव्हतं’ एवढं ओळखता आलं पाहिजे.

एचआयव्ही तर या तपासणीत दिसतच नाही, मुरलेला सिफिलिस दिसत नाही, क्लॅमिडिया कित्येकदा काहीच दाखवत नाही. तुमची झोप आरसा परत आणणार नाही, रक्ताचा रिपोर्ट आणेल. फेब्रुवारीपासून तीन महिने उलटून गेलेत, आता एचआयव्हीची तपासणी केली तर तिच्या उत्तरावर विसंबता येईल.

ट्यूब आजच बंद करा आणि खिशात टाकून सोबत न्या. मेडिकलमधून मिळणाऱ्या अशा बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. त्याने खाज दबते, बुरशी आतल्या आत पसरते आणि कातडी पातळ होते. तुमची खाज बहुधा बुरशीची आहे. ती वारंवार होत असेल तर शुगर तपासून घ्या, या वयातही. डेटॉलने किंवा साबणाने घासू नका, साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं ठेवा.

आता जायचं कुठे. उद्या सकाळी सांगली सिव्हिल, वसंतदादा पाटील रुग्णालय, त्वचा आणि गुप्तरोग ओपीडी. त्या रांगेत नायटा, खरूज, केस गळती असलेले सगळे एकत्र उभे असतात, तुम्ही कशाला आलात हे कुणाला कळत नाही. आत गेल्यावर नुसतं ‘खाज आहे’ म्हणून येऊ नका. असं सांगा: ‘फेब्रुवारीत संबंध आला, मार्चमध्ये मुळाशी न दुखणारी जखम तीन आठवडे होती, बायको गरोदर आहे.’ व्हीडीआरएल आणि टीपीएचए या सिफिलिसच्या दोन्ही रक्ततपासण्या होऊ द्या. एचआयव्हीसाठी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पाठवतील, तिथे तपासणी मोफत होते, तुमची संमती घेतात आणि नाव बाहेर जात नाही. आत बोलताना जीभ अडखळेल असं वाटत असेल तर आधी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोलून घ्या.

सिफिलिस निघाला तर बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. लागण वर्षाच्या आतली असेल तर एकदाच, जुनी असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. पूर्वी कधी पेनिसिलिनची रिअॅक्शन आली असेल तर आधीच सांगा. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसा. त्या रात्री ताप-थंडी भरली तर घाबरू नका, जंतू एकदम मेल्याने तसं होतं, दिवसभरात उतरतं. व्हीडीआरएलचा आकडा जपून ठेवा. १:३२ चा १:८ वर, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर, आला म्हणजे औषध लागू पडलं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने तो पुन्हा बघायचा. टीपीएचए मात्र बहुतेकदा जन्मभर पॉझिटिव्ह राहतो, पुढे कुणी तो बघून घाबरवलं तर हे लक्षात ठेवा.

बायकोला काही कळायला नको, हे मी मान्य करणार नाही. गरोदरपणात सिफिलिसवर पेनिसिलिनला पर्याय नाही आणि तुमच्यासाठी चालणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या तिला चालत नाहीत. तिचं इंजेक्शन दवाखान्यातच द्यावं लागतं, कारण त्या तापाने पोटात कळा येऊ शकतात. चोरून गोळ्या आणून हे निभणार नाही. वाशीची अख्खी हकीकत पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही. ‘मला एक आजार झाला असेल, तो तुला आणि बाळाला लागू नये म्हणून तुझं रक्त पुन्हा तपासायचंय’ एवढं तुमच्या तोंडून जाऊ द्या. ती चिडेल, रडेल. तेव्हा तिथून उठून जाऊ नका. तिच्या डॉक्टरांना मात्र मार्चमधल्या जखमेचं पूर्ण सांगा. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी, नुकताच संबंध आलेला असल्याने, ते तिलाही इंजेक्शन द्यायचं ठरवू शकतात. दोघांचं होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध बंद.

तुमचे रिपोर्ट हातात पडायची वाट बघू नका. उद्या सिव्हिलमधून बाहेर पडलात की तासगावला न परतता परस्पर पलूसची एसटी धरा.