जुन्या पीआरजी फायलींतली फंक्शनं रेजेक्सने काढता येतात का, की पार्सरच लागतो?

शेवटचे तीन शब्द तुम्ही लिहिले नसते तर मी या उत्तराच्या वाटेला गेलो नसतो. क्लिपर या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या चाळीसेक पीआरजी फायली आहेत, नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये फंक्शन लिस्टची चौकट रिकामी दिसते, यादी हवी आहे, एवढंच विचारलं असतं तर कोणीतरी दोन ओळींत सांगून मोकळं झालं असतं.

नाही लागत पार्सर, म्हणजे कोडचं व्याकरण समजून त्याची फोड करणारा प्रोग्राम. रेजेक्स, म्हणजे मजकूर शोधायचा पॅटर्न, पुरतो.

2011 ची गोष्ट. गोव्यात साखळी गावी एका खनिज वाहतूकदाराच्या ऑफिसात मी कामाला होतो. टिपरच्या खेपा, जेटीवरचा साठा, बार्जची बिलं, सगळं क्लिपरमध्ये. ज्याने लिहिलं तो पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेलेला, आणि कॉमेंट म्हणून मागे फक्त तारखा ठेवलेल्या. एके दिवशी मालक म्हणाले, वजन आता दोन नाही, तीन दशांशांपर्यंत धरायचं. नुसता राउंड शब्द शोधून भागणार नव्हतं, कारण त्या बाबाने निम्म्या ठिकाणी शंभराने गुणायचं, इंट घ्यायचा (म्हणजे अपूर्णांक कापायचा), परत शंभराने भागायचं असा उद्योग केला होता. म्हणजे प्रत्येक फंक्शन उघडून बघणं आलं, आणि त्यासाठी आधी यादी.

शेजारच्या टेबलावर आमचा सीनियर. तो फर्मागुडीच्या कॉलेजातला इंजिनियर, मी साधा बीएस्सी. हे तो दिवसातून एकदा तरी आठवण करून द्यायचा. माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हें रेजेक्स-बिजेक्स कोडाक चलना मरे. पार्सर जाय." म्हणजे कोडला हे चालत नाही, पार्सर हवा. आणि खरंच पार्सर लिहायला बसला.

मी ओळीच्या सुरुवातीला फंक्शन शब्द शोधला, मग प्रोसिजर. दोन वेगळे शोध, कारण तेव्हाच्या नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'हे किंवा ते' सांगणारी उभी रेघ चालतच नसे. ती 2012 च्या सहाव्या आवृत्तीपासून आली. 112 नावं निघाली. छापली, दोन दिवस एकेकावर टिक केली, मालकांना सांगितलं, झालं.

पंधरवड्याचं बिल आणि वजनकाट्याच्या पावत्या जुळेनात. फरक किरकोळ, पण समोरच्या पार्टीने बिलच अडवलं. शोधता शोधता सापडलं ते टिपरची वजनं मिळवणारं फंक्शन, आणि ते माझ्या यादीत नव्हतंच. का? कारण क्लिपरला कीवर्डची पहिली चार अक्षरं पुरतात. त्या माणसाने काही फायलींत नुसतं 'फंक' लिहिलं होतं, आणि या ठिकाणी तर त्याच्याआधी 'स्टॅटिक' होतं, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला ते नव्हतंच. मालकांनी सगळ्यांदेखत झाडलं. काट्यावरचा पोरगा, पावत्या घेऊन आलेले दोन टिपरवाले, सगळे बघत होते. आणि आमचा सीनियर खुर्चीत मागे रेलून, "सांगलेलें मरे."

चूक रेजेक्सची नव्हती. मी फायली न वाचता पॅटर्न लिहिला, ही चूक. पार्सर लिहिणाऱ्यालासुद्धा 'फंक' चालतं हे आधी ठाऊक असावंच लागतं! दहा मिनिटांत पॅटर्न सुधारला, नावं 131 झाली, राहिलेली एकोणीस त्याच संध्याकाळी उरकली. त्याचा पार्सर? 2012 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, आमचं ऑफिस बंद पडलं, तोपर्यंत तो अर्धविरामाने पुढच्या ओळीवर जाणाऱ्या वाक्यांपाशीच अडकलेला होता.

आता तुमचं काम. इथे देवनागरीत सांगतो, तुम्ही इंग्रजी अक्षरांत लिहा. ओळीची सुरुवात, म्हणजे ^. मग मोकळी जागा असली तर असू दे. पण त्यासाठी बॅकस्लॅश एस वापरू नका, बॅकस्लॅश एच वापरा. एस नव्या ओळीलाही जागाच समजतो, मग तुमचा मॅच वरच्या रिकाम्या ओळीपासून सुरू होतो आणि क्लिक केल्यावर भलतीकडे नेतो. पुढे 'स्टॅट', त्याची उरलेली अक्षरं आणि त्यानंतरची जागा, हा सगळा गट ऐच्छिक. मग कंसात 'फंक' उभी रेघ 'प्रोक', त्यालाही उरलेली अक्षरं बॅकस्लॅश डब्ल्यू आणि *. मग किमान एक जागा, मग नाव. जागा आणि नाव सक्तीचं ठेवा, नाहीतर 'प्रोकडेट' असलं एखादं व्हेरिएबलही यादीत घुसेल. मॅच केसची खूण काढा. फाइंड इन फाइल्समध्ये फिल्टरला *.पीआरजी द्या, खाली यादी येते, डबल क्लिक केलं की त्या ओळीवर. कागदावर हवी असेल तर एकेका फायलीत मार्क टॅबमधून बुकमार्क लावा आणि बुकमार्कवाल्या ओळी कॉपी करा.

रिकामी चौकट भरायची असेल तर फंक्शनलिस्ट फोल्डरमध्ये तुमच्या प्रोग्रामिंग भाषेची एक्सएमएल फाइल ठेवावी लागेल आणि ओव्हरराइडमॅपमध्ये तिची नोंद. आत मुख्यतः दोन पॅटर्न: एक पूर्ण ओळ पकडणारा, दुसरा त्यातून नाव काढणारा. एडिटर बंद करून परत उघडा. म्हणजे ती चौकटसुद्धा रेजेक्सवरच चालते, आणि सीटॅग्ज या फंक्शनांची यादी काढणाऱ्या टूलला नवीन भाषा शिकवायची तरी बहुतेक जण रेजेक्सच देतात. युनिक्सवाल्या केन थॉम्पसनने 1968 साली रेजेक्सने शोधायच्या पद्धतीवर लेख लिहिला. ग्रेप या फायलींत शोधणाऱ्या आज्ञेचं नाव तर ईडी एडिटरच्या 'जुळणाऱ्या सगळ्या ओळी छाप' या आज्ञेवरूनच पडलं. हे मी तेव्हा सीनियरला सांगायला हवं होतं, पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

दोन गोष्टी राहिल्या. तारा-स्लॅशच्या कॉमेंटमध्ये कोणी जुनं फंक्शन गाडून ठेवलं असेल तर साध्या शोधात तेही जिवंत दिसेल. एक्सएमएलमध्ये कॉमेंटसाठी वेगळा पॅटर्न देता येतो, तो द्या. क्लिपरचे कोड ब्लॉक, म्हणजे महिरपी कंसातले बिननावाचे तुकडे, यादीत येणार नाहीत, आणि वजनाचं गणित कोणी तिथे केलं असेल तर ते हातानेच शोधावं लागेल. आणि हो, जावास्क्रिप्टसारख्या भाषेत, जिथे फंक्शनच्या पोटात बिननावाचं फंक्शन असतं, तिथे मी हा खटाटोप करत नाही. तिथे आमचा सीनियर बरोबर आहे. पण तुम्ही क्लिपरबद्दल विचारलंय.

तो आता वेर्णेला कुठेतरी आहे. हे वाचत असलास तर पार्सरचं काय झालं ते खाली लिही मरे.