ताई पुढे, धाकटा मागे

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, मुलगी १५ची. शिवाजी पार्कात धावताना ती पुढे, हा धापा टाकत मागे. एकाच घरातली मुलं, मग असं का?
– एक आई, दादर

उत्तर : सख्ख्या भावंडांत जनुकं सरासरी निम्मीच सारखी असतात, उरलेला फरक वय, सराव आणि वाढीचा. तिची झपाट्याची वाढ बहुधा होऊन गेली, त्याची आता चालू असेल. या काळात काही मुलांच्या मांड्या आखडतात, धावणं बेंगरूळ होतं. आळशी म्हणू नका, तेही ताईसमोर!

दर तीन महिन्यांनी अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजा. जागेवरून लांब उडी तीनदा मारायला लावा, सर्वांत लांब ती लिहा. तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी. धावल्यावर खोकला किंवा छातीत घरघर असेल, तर आधी डॉक्टर. दमा असू शकतो.