सीट खाली का घसरते?

प्रश्न : जुन्या स्टीलच्या सायकलला अ‍ॅल्युमिनियमची नवी सीटपोस्ट (सीटखालची दांडी) बसवली. बोल्ट कितीही आवळला तरी दोन-तीन किलोमीटरमध्ये सीट खाली येते. पोस्टला ग्रीस लावल्यामुळे असं होत असेल का?

उत्तर : ग्रीसला उगाच दोष. अ‍ॅल्युमिनियमच्या पोस्टला ग्रीसचा पातळ थर हवाच, नाहीतर पावसाळ्यानंतर ती स्टीलच्या नळीत अशी जाम होते की निघता निघत नाही. (कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा.)

आधी क्लॅम्पचे, म्हणजे नळीच्या तोंडाशी पोस्ट आवळून धरणाऱ्या कड्याचे, दोन कान पाहा. ते एकमेकांना टेकले असतील तर पोस्ट बारीक पडते आहे. आणखी आवळलात तर बोल्टचे आटे जातील. पोस्टचं माप बहुधा तिच्या खालच्या टोकाजवळ कोरलेलं असतं. नळीचा आतला व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजा, पण वरच्या खाचेपासून थोडं खाली, कारण तोंडाशी नळी दबलेली असते. 27.2 मिमीच्या नळीत 27.0 ची पोस्ट सहज उतरते आणि तिथेच फसगत होते. पत्र्याचा तुकडा कोंबणं हा घरी पोहोचण्यापुरता इलाज. योग्य मापाची पोस्टच घ्या. फरक मोठा असेल, म्हणजे 25.4 ची पोस्ट 27.2 च्या नळीत, तर मधली फट भरणारी तयार शिम (पातळ नळी) मिळते.

उंची ठरवताना सीटवर बसून टाच सर्वात खालच्या पेडलवर ठेवा; गुडघा जेमतेम सरळ व्हावा. पोस्टवरची किमान खोलीची रेघ नळीबाहेर दिसता कामा नये.