आधी परतीची गाडी विचार

प्रिय डॉक्टरीणबाई,

बडवानीच्या डोंगरातल्या पाटीहून तुझं पत्र आलं. ‘केंद्र चार किलोमीटरवर, तपासणी फुकट, तरी गरोदर बायका येत नाहीत. यांना समजत नाही, की मलाच जमत नाही?’ अगं, दोन्ही नाही. येत का नाहीत, हे विचारणं सोड. परत कशी जाणार, ते विचार.

निकष तुला पाठ असतील. मैदानी भागात ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ, आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. डोकी मोजली, चढ कोणी मोजला? फलिये, म्हणजे पाडे, टेकड्यांवर विखुरलेले, ज्याचं त्याचं घर आपापल्या शेतात. हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेली तूफान जीप मिळते, एरवी पायीच. दुपारनंतर तर काहीच नाही. घरी गुरं, मोठं पोर, संध्याकाळच्या भाकरी. सातव्या महिन्यात अशी बाई उतरून येईल? मी नसते आले.

बाळंतपणाला मात्र त्याच येतात, म्हणून तू चक्रावलीस. साहेबलोक म्हणतील, पैशासाठी. जननी सुरक्षा योजना २००५ पासून आहे, तिच्या १,४०० रुपयांचा उपयोग मी नाकारत नाही. पण २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाने घरून आणणं आणि घरी सोडणं, दोन्ही फुकट केलं. सोडणं! नेहमीच्या तपासणीला कोण सोडतं?

इथे इंदुरातही तेच. दवाखाना वस्तीपासून दोन गल्ल्यांवर, आणि ओपीडीच्या वेळेला बाई लोकांकडे भांडी घासतेय. तिच्यापुरता तो दवाखाना उज्जैनला आहे.

नोकरीत असताना तपासणीचा दिवस हाटाच्या वाराला घ्या म्हणून मी भांडत राहिले. ‘सिस्टर, आराखडा वरून येतो.’ येऊ दे! हट्टी म्हणाले, बढती रखडली, रखडो. शेवटी तपासणी हाटाला ठेवली, की रजिस्टर भरायचं, हे त्यांनाही दिसत होतं. खंत एवढीच, की माझी बदली झाली आणि वार पुन्हा फिरला.

तेव्हा चिडचिड पुरे. गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांना बसव, चहा पाज, आणि एकेका फलियाचं लिहून घे: गाडी कधी सुटते, परतीची शेवटची कोणती, पावसाळ्यात नाला ओलांडता येतो का. गुजरातेत मजुरीला निघालेलीचं तपासणीचं कार्ड तिच्या गाठोड्यात आहे ना, तेही बघ. आणि प्रत्येकीला परत कशी जाणार, हे विचारल्याशिवाय पुढची तारीख देऊ नकोस.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांच्या तपासणीची नऊ तारीख महिन्याची, हाट आठवड्याचा. दोघांची गाठ क्वचितच पडणार. मग वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आदल्या हाटालाच उरकून घे. ज्यांच्यात धोका दिसेल, त्यांच्यासाठी नऊला जाऊन-येऊन गाडी माग. लेखी माग. नाही म्हणाले, तर तेही लेखी घे.

तुझी,
मावशी