मदरबोर्डचं नंतर बघू, आधी पंख्यामागची धुळीची गादी काढा

चार वर्षं जुना लॅपटॉप, व्हिडिओ कॉल लावला की दहा मिनिटांत पंखा घोंघावतो आणि मशीन धाडकन बंद पडतं. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला. एवढंच असेल तर इतक्यात खिशात हात घालू नका.

कॉल चालू असताना गरम हवा बाहेर पडते त्या जाळीशी तळहात धरा. लॅपटॉपची पाठ भाजतेय आणि जाळीशी मात्र फुंकरही नाही? मग हवेची वाट बुजलीय. खात्री करायची तर एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. प्रोसेसर ९५-१०० अंशांना जाऊन चिकटत असेल तर तो जीव वाचवायला आधी वेग कमी करतो, तेवढ्याने भागलं नाही की मशीन बंद पडतं. बोर्ड मेलेला नाही, गुदमरलाय.

पंख्याच्या पात्यांवर दिसते ती धूळ किरकोळ. खरी बसते पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) बारीक पट्ट्या यांच्या मध्ये. माझं घर गोरेगावला हमरस्त्यावर, त्यात लॅपटॉप कायम गादीवर. उघडला तेव्हा तिथून करड्या रंगाची अख्खी पट्टी निघाली, चिमट्याने उचलली तर कापडासारखी सलग! चादरीचे तंतू, केस, रस्त्यावरची धूळ आणि वर आपली दमट हवा. म्हणूनच बाहेरून ब्लोअर मारून उपयोग नाही. ती पट्टी उलटी पंख्यावर ढकलली जाते, आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. शिवाय पंखा मोकळा गरगरला तर बेअरिंग खराब होतं ते वेगळं.

तेव्हा पाठ उघडा. स्लीप नाही, पूर्ण शटडाउन, चार्जर काढलेला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू भलत्या भोकात पिळलात तर खरंच बोर्डाचा खर्च येईल. एखाद-दोन रबरी पायांखाली दडलेले असतात. कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवलं की झाकण सुटतं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. वायर धरून ओढायचा नाही. मग पंखा बोटाने धरून ठेवा, रंगाच्या मऊ ब्रशने पाती झाडा, धुळीची पट्टी चिमट्याने काढा.

बऱ्याच मॉडेलमध्ये पंखा दोन-तीन स्क्रूंवर सुटा निघतो. हीटसिंकसकट निघत असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) बदलावीच लागते. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं), नवी तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. हीटसिंकच्या स्क्रूंवर आकडे असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा.

हात थरथरत असतील तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा. रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात. "पंखा काढून हीटसिंक साफ, पेस्ट नवी" असं नेमकं सांगा आणि काम समोर बसून करून घ्या, मशीन ठेवून येऊ नका.

साफसफाईआधीचं आणि नंतरचं तापमान इथे टाका. तापमान उतरूनही घरघर राहिली तर पंख्याचं बेअरिंग गेलंय. पंखा सुटा मिळतो, फक्त पाठीवरचा मॉडेल नंबर लिहून न्या.