अपलोड करण्याआधी एकदा आउटलाइन मोडमध्ये बघ

व्हेक्टर चित्र (ठिपक्यांऐवजी रेषा आणि बिंदूंनी बनलेलं) छान जमलंय, पण शटरस्टॉक, अडोबी स्टॉकसारख्या चित्रं विकणाऱ्या साइटवर लगेच पाठवू नकोस. इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-वाय दाब, आउटलाइन मोड येतो. रंग जातात, नुसत्या रेषा उरतात आणि सगळी लपवाछपवी उघडी पडते. उघडे राहिलेले पाथ (आकाराच्या रेषा), चुकून सुटलेले एकटे बिंदू, एकावर एक चढलेले तेच आकार. माझी पहिली काही चित्रं यातच परत आली होती. ऑटो-ट्रेसने, म्हणजे फोटोवरून आपोआप रेषा काढून घेतल्या, तर झाडाच्या साध्या पानालाही शेकडो अँकर पॉइंट (रेषेला आकार देणारे बिंदू) येतात. विकत घेणाऱ्याला रंग किंवा आकार बदलायचा असतो, तो त्या जंजाळात हात घालणार नाही. गोलाला चार बिंदू पुरतात, हे डोक्यात ठेव.

अक्षरं असतील तर क्रिएट आउटलाइन्स वापरून त्यांचे आकार कर, जाड रेषाही एक्सपांड करून आकारात बदल. आत जेपीईजी फोटो चिकटवलेला नको. थरांना (लेयर्सना) नावं दे, कंटाळा येतो तरी. शटरस्टॉकसाठी ईपीएस १० हा फाइलचा प्रकार चालतो, आर्टबोर्ड (चित्राचं पान) किमान ४ मेगापिक्सेलचा हवा.

कीवर्ड, म्हणजे चित्र शोधायला लागणारे शब्द, मात्र घाईत टाकू नकोस. अडोबी स्टॉकवर ४९ पर्यंत देता येतात, पण पहिल्या १० ना जास्त वजन असतं. चित्रात नसलेली गोष्ट तिथे लिहायची नाही.